कलिंगडाच्या खेळाचं वेड: अजून कुणाला लागलंय का?

केवड्याचं पान

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती. परत जाताना माझ्या फोनवर एक खेळ घालून गेली. "मावशी, एसटीत तुझा वेळ जाईल," म्हणाली. मी रोज सातारा ते पाचवड जाऊन-येऊन करते, तिथल्या एका पतसंस्थेत नोकरीला आहे. वय ४६. आजवर फोनवर एकही खेळ खेळले नव्हते.

खेळ अगदी बाळबोध आहे. समोर एक उभा डबा. वरून एकेक फळ सोडायचं. सारखी दोन फळं एकमेकांना टेकली की त्यांचं पुढचं मोठं फळ होतं. दोन चेऱ्यांची स्ट्रॉबेरी, दोन स्ट्रॉबेऱ्यांचं द्राक्ष, मग गाठ असलेलं एक संत्रं, मग एक केशरी फळ, सफरचंद, नासपती, पीच, अननस, खरबूज आणि शेवटी कलिंगड. एकूण अकरा. फळं डब्याच्या वर आली की खेळ संपला. घड्याळ नाही, समोर कुणी भिडू नाही. फळांना डोळे-तोंड आहे, ती एकमेकांवर पडतात, लोळतात, घसरतात, कोपऱ्यात जाऊन बसतात.

पहिले दोन-तीन दिवस नुसता चाळा होता. चौथ्या दिवशी पहिल्यांदा अननस झालं आणि काय झालं कळलं नाही, अंगावर शहारा आला. त्या आठवड्यात पाचवडला उतरायचं राहिलं आणि मी थेट वाईच्या स्टँडवर पोचले. वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. आता रात्री दिवा मालवला की मिटल्या डोळ्यांसमोर फळं पडत राहतात. परवा कीर्द तपासताना एकाखाली एक सारखे आकडे दिसले आणि क्षणभर वाटलं, आता हे एकत्र होतील.

अजून एक सांगायचंय. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना अक्षरं दिसत नाहीत, पण रंग दिसतात. रात्री जेवणं झाली की माझ्या शेजारी येऊन बसतात आणि "त्ये डाव्या अंगाला सोड, चिबडाच्या कडेला" असं सांगतात. खरबुजाला त्या चिबूड म्हणतात. त्यांचं बरोबर असतं बहुतेक वेळा.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. माझे सर्वांत जास्त गुण २,९१४, कलिंगड एकदाच झालं. दोन कलिंगडं एकमेकांना लावलीत का कुणी? फळं लावायची काही रीत आहे का? आणि एवढ्या साध्या खेळात माणूस इतका का गुंततो?

उतरंड

ताई, मी दीड वर्ष हा खेळ खेळतोय. रीत आहे, सांगतो.

सगळ्यांत मोठं फळ एका कोपऱ्यात न्या आणि तिथंच ठेवा. त्याच्या शेजारी त्याहून एक पायरी लहान, त्याच्या शेजारी अजून लहान. मडक्यांची उतरंड आडवी केली तर कशी दिसेल, तसं. म्हणजे लहान बाजूला एक जोडी जमली की ती पुढच्याला लागते, ती त्याच्या पुढच्याला, आणि एका चेरीनं चार-पाच फळं सटासट एकत्र होत जातात. तो क्षण आला की कळतं आपण का खेळतोय.

डब्यात वाईट काय, तर तळाशी गेलेली चेरी. मोठ्या फळांच्या फटीतून ती खाली जाते आणि तिच्यापर्यंत दुसरी चेरी पोचू शकत नाही. म्हणून मोठ्या फळांच्या वर चेरी कधी टाकायची नाही. तरी गेलीच तर तिच्या आजूबाजूची फळं एकत्र होईपर्यंत थांबायचं. ती हलली की फट पडते.

आता सगळ्यांत कामाचं. दोन फळं एकत्र झाली की नवं फळ त्या दोघांच्या मधोमध तयार होतं, आणि ते मोठं असल्यामुळं शेजारच्यांना ढकलतं. हा धक्का आपला आहे. कुठली जोडी कुठं जुळवली तर धक्का कुणीकडं जाईल, हे बघायला लागलात की खेळ बदलतो. आणि घाई करू नका. फळं लोळायची थांबली की मगच पुढचं सोडा. पुढं कुठलं फळ येणार ते कोपऱ्यात दिसतं, ते न बघता खेळू नका.

थोडा हिशोब. कलिंगड अकरावं, म्हणजे चेरीपासून दहा वेळा दुप्पट. एका कलिंगडात १,०२४ चेऱ्या असतात. वरून फक्त पहिली पाच फळं येतात, म्हणजे १, २, ४, ८ आणि १६ चेऱ्यांची. पाचही सारखीच येतात असं धरलं तर सरासरी ६.२. भागाकार केलात तर एका कलिंगडाला साधारण १६५ फळं टाकावी लागतात. दोन कलिंगडांना ३३०. दोन कलिंगडं टेकली की दोन्ही नाहीशी होतात. मला हे आजवर चार वेळा जमलंय.

केवड्याचं पान

१,०२४! सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग एवढी वाया घालवू नगंस."

थॉमसन-गणेश

निफाडकडून नमस्कार. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. हा खेळ मीही खेळतो आणि आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, ताईंनी लिहिलं म्हणून लिहितोय.

शेतीची लाईट आमच्याकडं पुष्कळदा रात्रीची असते. मोटार चालू केली की बागेत थांबावं लागतं. थंडीत पारा उतरला तर पहाटे ठिबक चालू ठेवायचं, बागेत शेकोट्या करायच्या, नाहीतर मणी फुटतात, पानं करपतात. तीन-चार तास एकट्यानं जागायचं. आधी रेडिओ असायचा, मग व्हिडिओ बघायचो. व्हिडिओत झोप लागते. या खेळात लागत नाही, कारण पुढचं फळ आपल्याच हातात असतं. गेल्या जानेवारीत सगळी रात्र यावर काढली. सकाळी बाग शाबूत होती आणि माझ्याकडं एक कलिंगड होतं.

द्राक्ष तिसऱ्या नंबरला लहान दाखवलंय याचं मला आधी वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत. सगळ्यांत जास्त कामाला तेच येतं.

एक विचारायचं होतं. ते चौथं गाठीचं संत्रं आणि पाचवं केशरी फळ खरोखर असतात का?

निशिकासाई

असतात, दादा! मी तोक्योत १४ वर्षं आहे. हा खेळ मूळ इथलाच, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

गाठीचं संत्रं म्हणजे डेकोपॉन. १९७२ मध्ये नागासाकीत कियोमी आणि पोनकान या दोन जातींच्या संकरातून ते तयार झालं. देठाकडं फुगवटा असतो, साल हातानं सहज निघते, बी नसते. तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे नुसती जात तीच असून चालत नाही, डेकोपॉन या नावानं विकायचं असेल तर साखर १३ ब्रिक्सच्या (हे रसातल्या गोडीचं माप) वर असावी लागते आणि आम्लता एक टक्क्याच्या आत. तेवढी भरली नाही तर तेच फळ दुसऱ्या नावानं विकावं लागतं.

केशरी फळ म्हणजे काकी, पर्सिमॉन. शरद ऋतूत पानं झडलेल्या झाडावर नुसती केशरी फळं लोंबत असतात, इतकं देखणं झाड मी दुसरं पाहिलं नाही.

आणि कलिंगड म्हणजे सुइका, खेळाचं नावच सुइका गेम. तो कुठल्या फोनसाठी किंवा खेळाच्या यंत्रासाठी जन्मला नव्हता. अलादीन एक्स नावाची कंपनी छताच्या दिव्यातच बसवलेला प्रोजेक्टर विकते. भिंतीवर चित्र पडतं. घरच्यांनी भिंतीसमोर बसून खेळावं म्हणून २०२१ मध्ये तो त्या दिव्यात घातला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला चीनमध्ये फळं जुळवून मोठं कलिंगड करायचा एक खेळ इंटरनेटवर गाजला होता, कल्पना तिथली. डिसेंबर २०२१ मध्ये तो निन्टेंडो स्विचवर आला, किंमत २४० येन. जवळपास दोन वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. मग सप्टेंबर २०२३ मध्ये इथले लोक खेळताना थेट प्रक्षेपण करू लागले, आणि पुढच्या महिन्यात तो जगभर विकायला आला.

केवड्याताई, तुम्ही आणि सासूबाई शेजारी बसून खेळता हे वाचून फार बरं वाटलं. त्या दिव्यात हा खेळ घातला तो याच कारणासाठी.

थॉमसन-गणेश

ब्रिक्स! आम्हीपण काढणीच्या आधी ब्रिक्सच बघतो, निर्यातीच्या मालाला तर बघावंच लागतं. त्या संत्र्याबद्दल आता आदर वाढला.

टेंभरं

मी गडचिरोलीचा. निशिकासाई, ती काकी म्हणजे आमच्या तेंदूची बहीण. तेंदू आणि काकी एकाच वंशातली झाडं, डायोस्पायरॉस. पानांमुळं तेंदू सगळ्यांना माहीत आहे, पण उन्हाळ्यात पिकलेली टेंभरं खाल्लीत तर चव कळेल. खेळात ते फळ आलं की मी टेंभरूच म्हणतो. आणि आमच्याकडं कलिंगड नाही, टरबूज.

सहा-काळी-सात-लाल

केवड्याताईंचा तिसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी निवृत्त आहे, मुक्काम अकोला.

आमच्या कार्यालयात १९९६-९७ साली संगणक आले. सोबत विंडोज ९५ आणि त्यात फ्रीसेल. पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव. बावन्न पत्ते आठ रांगांत, सगळे उघडे. चार मोकळ्या जागा, तिथं एकेक पत्ता तात्पुरता ठेवता येतो. एक्क्यापासून राजापर्यंत चारही रंग लावायचे. नशिबाचा भाग फक्त वाटपात, पुढं सगळं डोक्यावर. आणि प्रत्येक वाटपाला नंबर होता, १ ते ३२,००० पर्यंत.

हा नंबर मला लागला. मी १ पासून सुरुवात केली. शंभर पानी वही घातली, डाव सुटला की नंबर, तारीख. अडला की फुली आणि पुन्हा. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन उरलेल्या पंधरा मिनिटांत एक डाव. शनिवारी कार्यालय सुटलं की दोन-तीन.

१९९० च्या दशकातच इंटरनेटवर जमलेल्या स्वयंसेवकांनी हे ३२,००० डाव आपसात वाटून घेऊन एकेक सोडवून पाहिले. सगळे सुटले, एक सोडून. नंबर ११९८२. पुढं संगणकानंही तपासलं, तो सुटत नाही. मला हे २००४ मध्ये कळलं. तोवर मी साडेतीन हजारांच्या आसपास होतो. त्या रात्री मी ११९८२ लावून बसलो. सुटणार नाही हे माहीत असून पहाटेपर्यंत बसलो. का, तर त्यातला प्रत्येक पत्ता डोळ्यांसमोर होता. काही लपवलेलं नव्हतं. लपवलेलं नसताना सुटत नाही, हे हातानं करून बघितल्याशिवाय मला पटत नव्हतं.

माणूस का गुंततो याचं माझं उत्तर हे आहे. दिवसभर आमच्या टेबलावर जी कामं यायची त्यांतली निम्मी माझ्या हातात नसत. वर फाईल गेली की परत कधी येईल सांगता यायचं नाही. तो डाव पंधरा मिनिटांत सुटायचा किंवा अडायचा, आणि दोन्हीला कारण मीच. सध्या मी ९,२१७ वर आहे. सातवी वही चालू आहे.

उतरंड

काका, वहीचा एक फोटो टाकाल का?

सहा-काळी-सात-लाल

नात आली की टाकायला सांगतो.

सांजवात

मला थोडं वेगळं लिहायचंय. धाग्याचा सूर आनंदाचा आहे, तो मोडायचा नाही, पण हे लिहिणं गरजेचं वाटतं.

मलाही असंच एका साध्या खेळाचं वेड लागलं होतं. रंगीत गोळ्या जुळवायचा. नाव लिहीत नाही. त्यात पाच जीव असत, हरलात की एक जायचा, आणि नवा यायला अर्धा तास. मी गजर लावायचे. रात्री दोनला, अडीचला. धाकटा तेव्हा दहा महिन्यांचा होता, त्याच्यासाठी उठायचेच, मग झोप यायची नाही. पुढं एकेक पातळी अशी यायची की एका चालीनं हुकायची. तिथं पाच जादा चाली विकत घ्या असं यायचं. रक्कम लहान असायची. सात महिन्यांनी बँकेचं पासबुक भरून आणलं तेव्हा बेरीज केली. ११,३४० रुपये. घरात कुणाला सांगितलं नाही. ते पैसे मी शिवणकामातून फेडले, स्वतःलाच.

सगळेच खेळ सारखे नसतात. ताईंच्या खेळात डबा भरला की खेळ संपतो, आणि संपला तर तो आपल्यामुळं. माझ्या खेळात मी कधी हरायचे ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं होतं, असं मला आजही वाटतं.

एम-थ्री

सांजवातताई, लिहिलंत ते बरं केलंत. पण पैसे नसले म्हणजे धोका नाही, असंही नाही.

मार्च २०१४. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात होस्टेलवर. तेव्हा २०४८ आला. गाब्रिएले चिरुल्ली नावाच्या १९ वर्षांच्या इटालियन मुलानं एका शनिवार-रविवारात लिहिलेला. चार बाय चारची चौकट, २ आणि ४ चे ठोकळे, सारखे ठोकळे सरकवून दुप्पट करायचे. फुकट, जाहिरात नाही, सगळा कोड त्यानं खुला ठेवलेला. त्यात लुबाडायला कुणी बसलेलं नव्हतं. आमचा अख्खा मजला खेळत होता. कोड उघडून बघितला तर दर वेळी २ येण्याची शक्यता ९० टक्के आणि ४ येण्याची १० टक्के, मग आम्ही त्यावर गणितं मांडली. जास्तीत जास्त १,३१,०७२ चा ठोकळा होऊ शकतो हे कागदावर सिद्ध केलं. ते सगळं मला अजून येतं. एम-थ्रीचा, म्हणजे तिसऱ्या गणिताचा पेपर मात्र गेला, बॅकलॉग राहिला आणि वर्षभर मानगुटीवर बसला.

म्हणून मी हा खेळ ठेवलेला नाही. काकांच्या पंधरा मिनिटांना मी मानतो. मला पंधरा मिनिटांवर थांबता येत नाही, आणि ज्याला येत नाही त्यानं खेळ काढून टाकावा, तो कितीही चांगला असला तरी.

एक आठवण. व्हिएतनामच्या डाँग न्गुयेननं आपला फ्लॅपी बर्ड हा फोनवरचा पक्षी उडवायचा खेळ ऐन भरात असताना, फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वतःच ॲपच्या दुकानातून काढून घेतला. लोकांना त्याचं व्यसन लागतंय, हे त्यानं कारण दिलं. खेळ करणाऱ्यानंच असं केलेलं मी तेवढं एकच उदाहरण पाहिलं.

सांजवात

पंधरा मिनिटांवर थांबता येतं की नाही हे मला सात महिन्यांनी कळलं. तेवढंच म्हणायचं होतं.

मेंदूचा विद्यार्थी

डोळे मिटल्यावर फळं दिसण्याबद्दल. केवड्याताई, घाबरू नका, याला टेट्रिस परिणाम म्हणतात. टेट्रिस हा अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत केलेला ठोकळे रचायचा खेळ. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली २७ जणांना तीन दिवसांत सात तास टेट्रिस खेळायला लावला आणि झोप लागताना काय दिसतं ते विचारलं. निम्म्याहून जास्त लोकांना पडणारे ठोकळे दिसले. त्यांत पाच रुग्ण असे होते ज्यांना नवी आठवण साठवताच येत नव्हती. खेळ खेळल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं, तरी त्यांच्यातल्या काहींना झोपेच्या तोंडावर ठोकळे पडताना दिसले.

म्हणजे हात जे शिकतात ते मेंदू झोपेत पुन्हा फिरवत असतो, आपल्याला आठवो न आठवो. तुमच्या कीर्दीतले आकडे त्यातलेच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजी आठवली. भाताच्या लावणीच्या दिवसांत ती म्हणायची, निजले तरी रोपं दिसत्यात.

केवड्याचं पान

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. सांजवातताई, तुमचं वाचून उठले आणि फोनमध्ये कुठं पैसे गेलेत का ते बघितलं. नाहीत. तरी बघितलं. एम-थ्री, तुमचंही पटलं. आजपासून एसटीत खेळणार नाही. रात्री जेवणानंतर सासूबाईंबरोबर, तेवढंच.

आता एक मदत हवी आहे. सध्या डबा असा आहे. उजव्या कोपऱ्यात तळाला कलिंगड. त्याच्या डावीकडं एक खरबूज. अगदी डाव्या कोपऱ्यात दुसरं खरबूज. दोघांच्या मध्ये एक नासपती घट्ट बसलीय. वर थोडी किरकोळ फळं आणि रेषेपर्यंत जागा फार नाही. खरबुजं टेकली की कलिंगड होईल, ते शेजारच्याला लागेल. पण नासपती हलत नाही. फोन तसाच उशाशी ठेवलाय, कालपासून हात लावला नाही.

उतरंड

छान ठेवलंय! हात लावू नका ते बरं केलंत.

मधोमधचं लक्षात आहे ना? त्या नासपतीच्या बरोबर डोक्यावर दुसरी नासपती तयार करा. दोघींचं पीच होईल ते दोघींच्या मधोमध, म्हणजे आत्ताच्या नासपतीपेक्षा वर. पीच मोठं असल्यानं खालच्या फटीत मावणार नाही. खाली जागा झाली की डावं खरबूज सरकेल.

नासपतीला दोन सफरचंदं लागतात, म्हणजे चार टेंभरं. तेवढी जागा वर आहे का?

केवड्याचं पान

एक सफरचंद आधीच वर आहे. म्हणजे दोनच लागतील.

थॉमसन-गणेश

आज माझी लाईट रात्रीचीच आहे. जागा आहे. काय होतं ते लिहा.

केवड्याचं पान

झालं.

दोन टेंभरं यायला बरीच वाट बघावी लागली. मधल्या काळात चार चेऱ्या आल्या, त्या सासूबाईंनी एका कडेला टाकायला लावल्या. मग सफरचंद, मग नासपती, आणि पीच झालं ते खरंच वर उचललं गेलं. डावं चिबूड हळूहळू लोळत आलं. टेकल्याबरोबर कलिंगड, आणि ते झालं न झालं तोच उजवीकडच्याला लागलं. दोन्ही गेली.

डबा जवळजवळ रिकामा झालाय. सासूबाई म्हणाल्या, "गेली कुठं?" मी म्हटलं, कुठं नाही, एवढंच असतं. त्या बराच वेळ बघत होत्या.

गुण ५,१४२. तळाला एक पीच, दोन द्राक्षं आणि कडेची एक स्ट्रॉबेरी आहे. पुढचं फळ चेरी.